देणाऱ्याचं नाव

सिडको, छत्रपती संभाजीनगर
९ नोव्हेंबर २०२५

भानुमती,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच ठेवून देशील, म्हणून पत्ता शेजारच्या बाईंकडून लिहून घेतला. एवढी लबाडी माफ कर. फोन तू उचलत नाहीस. माझ्या शंतनूच्या लग्नातून तू निघून गेलीस, त्याला तेरा वर्षं झाली. तक्रार करत नाही. पत्र का लिहितोय तेवढंच सांगतो.

तुझ्याकडे कामाला येणाऱ्या गीताबाई परवा घाटी दवाखान्यात भेटल्या. शुगरच्या गोळ्या न्यायला आल्या होत्या. म्हणाल्या, "बाईंचं घर चाललंय बघा. मालकाची पोरं विकायला निघाल्यात. बाई तोंडानं काय बोलत नाय, पण लई मनाला लावून घेतलंय." चाळीस वर्षं तू खुलताबादच्या त्या दोन खोल्यांत भाड्यानं राहिलीस. आता फेब्रुवारीअखेर सत्तावीस लाख दिलेस तर घर तुझं, नाहीतर शहरातला एकजण घ्यायला तयार आहे, असंही त्यांच्याकडूनच कळलं.

ते सत्तावीस लाख मला तुला द्यायचे आहेत. उसने नाही, बक्षीस.

तू लगेच कराची शंका काढशील, म्हणून आधीच चौकशी केली. आमच्या गल्लीत अभय नावाचा एक सीए आहे. तो म्हणाला, परक्या माणसानं वर्षात पन्नास हजारांच्या वर दिले, तर ती सगळी रक्कम घेणाऱ्याची कमाई धरतात आणि त्यावर कर लागतो. भावानं बहिणीला कितीही दिले तरी लागत नाही. भाऊ परका नाही, एवढं सरकारला तरी मान्य आहे. पैसे रोख द्यायचे नाहीत, बँकेतूनच पाठवायचे. पाचशेच्या स्टॅम्पवर बक्षीसपत्र करायचं. त्यावर मी दिले अशी माझी सही आणि मी स्वीकारले अशी तुझी. तुझी सही नसेल तर ते बक्षीस होत नाही.

पैसे कुठून आले याची फिकीर करू नकोस. माझी पेन्शन चांगली आहे आणि एकट्या माणसाला खर्च तो काय.

खात्याचा नंबर कळव. नको असतील तर तसं कळव. पण काहीतरी कळव.

दादा
(हे लिहावं की नाही, कळत नव्हतं.)

२८ नोव्हेंबर २०२५

भानुमती,

तुझं कार्ड मिळालं. 'एवढे पैसे तुझ्याकडे कुठून? काय विकलंस?' दोनच ओळी, पण तेरा वर्षांनी आल्या. कार्ड टेबलावर ठेवलं आहे.

काही विकलं नाही. पाटबंधारे खात्यात सदतीस वर्षं काढली. फंड होता, ग्रॅच्युइटी होती, त्याची एफडी केली होती. ती वाढत गेली. माणूस मागं काय ठेवून जातो? शंतनूला पुण्यात काही कमी नाही, सूनबाई सावनीही कमावते.

कराची नोटीस आली तर कोणाला येईल, हे मी अभयला दोनदा विचारलं. तो वैतागून म्हणाला, "काका, कागद स्वच्छ असल्यावर नोटीस आली तरी उत्तर एका पानात देता येतं." पण मला नोटिशीची धास्ती आहे. आमच्या ऑफिसात एकाला आली होती. त्याचं काही निघालं नाही, तरी उत्तर देईपर्यंत त्यानं जेवण टाकलं होतं. माझं हल्ली तसंच होतंय. घास घेतला की बँकेचं काहीतरी आठवतं.

एक कर. शंतनूला यातलं काही बोलू नकोस. त्याच्या मागं कामाचा व्याप फार आहे.

दादा

२० डिसेंबर २०२५

भानू,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. त्यातली एक ओळ इथं उतरवून काढतो, कारण ती मला उद्देशून लिहिलेली आहे यावर अजून विश्वास बसत नाही. 'दादा, तू असं करशील असं वाटलं नव्हतं. त्या दिवशी मी कार्यालयातून न जेवता निघाले, ते तुझ्या मनात असेल तर आता काढून टाक.'

पासबुकाची झेरॉक्स मिळाली. नाव, नंबर सगळं नीट वाचता येतंय.

पैसे पाठवायला थोडा उशीर होईल. अभयचं म्हणणं आहे की पैसे खात्यात आल्या आल्या दुसऱ्या दिवशी पुढं पाठवू नयेत. म्हणजे एफडी मोडून खात्यात आले ते. काही दिवस जाऊ द्यावेत. घरमालकाच्या मुलांना सांग, जानेवारीत नक्की.

तू लिहिलंस, घर झालं की मागच्या दाराला नवी कडी बसवायची आहे, गेली कित्येक वर्षं दोरी बांधते आहेस. हे वाचून मला बरं वाटायला हवं होतं.

दादा

११ जानेवारी २०२६

भानू,

संक्रांतीचा डबा मिळाला. गीताबाई तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून आल्या आणि "बाईंनी सोता केल्यात" म्हणून वड्या हातात दिल्या. मी त्यांच्याकडं बघूही शकलो नाही. चहाही विचारला नाही. त्यांना काय वाटलं असेल.

पैसे अजून पाठवले नाहीत. गुडघे फार दुखतात, आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, बँकेत जाणं होत नाही. मोबाइलवरून एवढी रक्कम पाठवायची भीती वाटते. येत्या आठवड्यात करतो.

वड्या खाल्ल्या नाहीत. खाईन.

दादा

१९ जानेवारी २०२६

भानुमती,

हे पत्र पूर्ण वाच, मग काय करायचं ते कर.

गीताबाई मला घाटीत भेटल्याच नव्हत्या. त्यांनी शंतनूला फोन केला होता आणि त्यानं मला सांगितलं. एफडीही मोडलेली नाही. सत्तावीस लाख शंतनूचे आहेत.

ऑक्टोबरात तो आणि सावनी इथं आले होते. कंपनीनं दिलेले शेअर विकून त्याच्या हातात पैसे आले होते. तो म्हणाला, आत्याला घर घेऊन द्यायचं. आम्ही दोघं अभयकडं गेलो. शंतनूनं विचारलं, "आत्याच्या खात्यात सरळ टाकले तर?"

अभय म्हणाला, "तर आत्यांना कर लागेल. त्यांची पेन्शन धरून पावणेपाच लाखांच्या आसपास."

"पण मी घरचा आहे."

"आत्यानं भाच्याला दिलं, तर कर नाही. भाच्यानं आत्याला दिलं, तर आहे. घेणाऱ्याच्या बाजूनं कायद्यातली नात्यांची यादी बघतात. तुमच्या यादीत आत्या येते. आत्यांच्या यादीत तुम्ही येत नाही."

"दहा वर्षं तिनं मला वाढवलंय."

"यादीत वाढवणं धरत नाहीत," अभय म्हणाला. त्याला ते बोलताना बरं वाटलं नाही, हे दिसत होतं.

मग त्यानं दुसरा मार्ग सांगितला. मुलानं बापाला दिलं, तर कर नाही. बापानं पुढं बहिणीला दिलं, तरी कर नाही. "पण ही दोन वेगळी बक्षिसं असली पाहिजेत. वडिलांच्या खात्यात गेले की पैसे वडिलांचे. त्यांना वाटलं तर ते बहिणीला देतील. वाटलं तर. तुम्ही अट घातलीत, तर दोन्ही बक्षिसं नावापुरती ठरतात."

शंतनू माझ्याकडं बघून म्हणाला, "बाबा देतील." एवढंच. बाहेर आल्यावर म्हणाला, "खुलताबादला जा. तिच्यासमोर बसा आणि मी दिलेत म्हणून सांगा. फोनवर मी सांगितलं तर ती नकोच म्हणेल."

मी गेलो नाही. तू दार उघडणार नाहीस याची भीती वाटली. पत्र लिहायला बसलो आणि 'मला द्यायचे आहेत' असं लिहून गेलो. वाटलं, पुढच्या पत्रात दुरुस्त करू. मग तुझं कार्ड आलं. मग तू दादा लिहिलंस. त्यानंतर दुरुस्त करणं म्हणजे तो 'दादा' परत करणं होतं.

अजून आहे.

पैसे ऑक्टोबरअखेर माझ्या खात्यात आले. मी तीनदा बँकेत जाऊन पासबुक भरून आणलं. गुडघे दुखत असतानाही गेलो. एवढा आकडा माझ्या नावापुढं कधी नव्हता. डिसेंबरात एक एजंट भेटला. लिफ्ट असलेल्या इमारतीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. बघून आलो आणि एक्कावन्न हजार टोकन दिलं. त्याच पैशातून. मनाशी म्हटलं, भानूला पुढच्या वर्षी देऊ, तोवर घरमालक थांबेल. शंतनूचा फोन आला की सांगायचो, "अभय थांबा म्हणतोय." अभयनं फक्त पंधरा दिवस थांबायला सांगितलं होतं.

तुझ्या वड्यांचा डबा आला आणि मला घरात बसवेना. दुसऱ्या दिवशी जाऊन टोकन परत मागितलं. एक्केचाळीस हजार मिळाले.

आता सगळ्यात जुनं. शंतनूची इंजिनिअरिंगची फी. चारही वर्षं तू भरलीस, शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढून. 'त्याला सांगू नकोस, ओझं वाटेल,' म्हणालीस. मी सांगितलं नाही. पण निकाल लागला त्या दिवशी तो माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही स्वतःचं सगळं मारून मला शिकवलंत." मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि गप्प राहिलो. ते गप्प राहणं तुझ्या शब्दासाठी नव्हतं. ते मला हवं होतं.

त्याची आई गेली तेव्हा तो तीन वर्षांचा होता. मी त्याला तुझ्या ओटीत टाकलं. आठवीत गेल्यावर चांगली शाळा म्हणून न्यायला आलो, तेव्हा मुद्दाम तुझ्या शाळेत परीक्षा चालू होती तो दिवस निवडला. तू समोर असतीस तर तो आला नसता. आणि लग्नात आईच्या जागी जोडपंच लागतं, म्हणून लांबच्या चुलतभावाला आणि त्याच्या बायकोला बसवलं. कोणी विचारलं तर तुझी ओळख करून दिली, "माझी बहीण, शाळेत असते." गुरुजींनी मला विचारलं होतं, "सांभाळ केला त्या कोण? त्या बसल्या तरी चालेल." हे तुला माहीत नसेल. मी म्हटलं, नको, लोक विचारतील.

पैसे माझ्या खात्यात आहेत, कमी पडलेले दहा हजार मी भरले आहेत. तू म्हणशील त्या दिवशी पाठवतो. शंतनूला आज संध्याकाळी फोन करून हे सगळं सांगणार आहे, फीचंही. हे पत्र आधी टाकून येतो. नाहीतर फोननंतर टाकायचा धीर होणार नाही.

दत्तोपंत

खुलताबाद
९ फेब्रुवारी २०२६

दादा,

तुझ्या पत्राच्या आधी शंतनू येऊन पोचला. तुझा फोन झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, दुपारी. गाडी भद्रा मारुतीपाशी लावून चालत आला. दारातूनच विचारलं, "आत्या, माझी फी तू भरलीस?"

मी म्हटलं, "हो. चपला बाहेर काढ."

तो ओट्यावर बसला. बसल्याबसल्या चपला काढल्या. मग म्हणाला, "मला वीस वर्षं माहीत नव्हतं." मी त्याला सांगितलं की न सांगण्याची कल्पना माझी होती, तेव्हा अर्धा दोष माझा. उरलेला अर्धा तुझा आहे, तो मी त्याच्यासमोर कमी करून सांगितला नाही.

तुझं पत्र आलं ते मी वाचलं आणि त्यालाही वाचायला दिलं. गुरुजींचं वाचून मी पत्र खाली ठेवलं. दोन आठवडे उत्तर लिहिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते पाठवण्यासारखं नव्हतं. आताही राग आहे. तो गेला असं समजू नकोस.

तुझ्या बक्षीसपत्रावर मी सही करणार नाही.

घर मात्र घेणार आहे. शंतनूचे पैसे शंतनूला परत पाठव, पूर्ण सत्तावीस. तो ते माझ्या खात्यात स्वतः टाकेल. आम्ही अभयला फोन लावला होता. त्या भल्या माणसानं मला तीनदा समजावलं की कायद्यानं मार्ग मोकळा ठेवलेला असताना पावणेपाच लाख कोणी भरत नाही. मी म्हटलं, मी भरणार.

शंतनू म्हणाला, "आत्या, का पण?"

मी त्याला कारण सांगितलं नाही. तुला सांगते. भाऊ म्हणून तू दिलेस तर कागदावर तुझं नाव येईल. शंतनूनं दिले तर माझ्या रिटर्नमध्ये लिहावं लागेल की भानुमतीला हे शंतनूकडून मिळाले. ते तिथं कोणी वाचणार नाही, मला कळतं. मला वाचायचं आहे. मी त्याला काय दिलं याचा कागद कुठंच नाही, कधी केलाही नाही. त्यानं मला दिलं याचा एक असू दे. त्याची किंमत पावणेपाच लाख असेल तर ती मला जास्त वाटत नाही.

आता कराचे पैसे. माझ्याकडे नाहीत. शंतनू देतो म्हणाला, त्याला मी नको म्हटलं. ते तू दे. तुझे स्वतःचे, खरोखरच्या एफडीतले. त्यावर मला काही लागणार नाही, हे अभयला विचारून घेतलं. सक्ती नाही. तुला वाटलं तर दे.

रजिस्ट्री २६ तारखेला, गुरुवारी, अकरा वाजता. दोन साक्षीदार लागतात. एक सावनी. दुसरा अजून ठरवला नाही.

भानुमती

१७ फेब्रुवारी २०२६

भानू,

सत्तावीस लाख शंतनूच्या खात्यात परत गेले, काल दुपारी. त्याचा मेसेज आला, 'मिळाले.' फोन मात्र तो उचलत नाही. घंटी वाजत राहते. कोणी फोन उचलत नाही याची मला सवय झाली असेल असं वाटायचं. झालेली नाही.

आज एफडी मोडली. बँकेतली मुलगी म्हणाली, "काका, जूनमध्ये मुदत संपतेय, आता मोडली तर व्याज जाईल." मी म्हटलं, जाऊ द्या. पाच लाख तुझ्या खात्यात टाकले आहेत. फॉर्मवर तुझा नंबर लिहिताना दोनदा चुकलो, म्हणून तिनं फॉर्म बदलून दिला आणि नंबर मीच मोठ्यानं वाचून दाखवला. कराच्या वरचे जे उरतील ते परत पाठवू नकोस.

या पैशाचं बक्षीसपत्र अभयनं टाइप करून दिलं, ते सोबत जोडलं आहे. त्यात लिहिलं आहे, 'नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी'. मी त्याला विचारलं, हे वाक्य राहू देऊ का? तो म्हणाला, "छापील असतं काका, सगळ्यांच्यात असतं." मी राहू दिलं आहे. तुला खोटं वाटलं तर तेवढं खोडून सही कर.

गुरुवारी मी येतो. साक्षीदार म्हणून नको असेन तर बाहेर बाकावर बसेन. आधार कार्ड सोबत आणतो आहे.

दादा

१ मार्च २०२६

भानू,

गुरुवारी तुझ्याशी बोलणं झालं नाही, म्हणून लिहितो.

मी साडेनऊलाच पोचलो होतो. तुम्ही तिघं गाडीतून उतरलात तेव्हा मी उठून उभा राहिलो. शंतनूनं माझ्याकडं बघून मान वळवली. मला वाटलं, हा मला परत पाठवणार आणि ते बरोबरच होईल. आत कारकुनानं विचारलं, "दुसरा साक्षीदार कोण?" तू माझ्याकडं न बघता म्हणालीस, "बाहेर बसलेत ना, माझे भाऊ. बोलवा." भिंतीला खिडकी आहे, मला सगळं ऐकू आलं. आधार कार्ड हातात धरूनच आत आलो.

अंगठा मशीनवर उमटेना. पाच वेळा ठेवायला लावला. मागचे लोक कुरकुरायला लागले. माझ्या अंगठ्यापायी तुझं घर अडतंय असं वाटलं. सावनीनं रुमाल ओला करून बोट पुसून दिलं, तेव्हा एकदाचा उमटला. तू सही केलीस ती मी बघितली. अक्षर तुझं अजून तसंच आहे, फळ्यावरचं.

बक्षीसपत्र तू सही करून माझ्या हातात दिलंस. घरी येऊन उघडून बघितलं. काही खोडलेलं नाही. यावर मी जास्त लिहीत नाही. राग गेलेला नाही असं तू लिहिलं होतंस, ते मी विसरलेलो नाही.

एक सांगायचं राहिलं. बाहेर पडताना तू आणि सावनी पुढं होतात, घराच्या चावीवरून काहीतरी बोलत होतात. त्या कार्यालयाच्या पायऱ्या उंच आहेत. मी कठड्याला धरून एकेक उतरत होतो. शंतनू मागून आला आणि त्यानं माझा दंड धरला. माझ्याकडं बघितलंही नाही. पायऱ्या संपल्यावर वाटलं, आता सोडेल. त्यानं रिक्षापर्यंत धरला होता.

तू पुढं चालत होतीस, तुला दिसलं नसेल.

दादा